घर सांभाळून शाळा

२०२३ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या शाळांना तिथल्या सरकारने एक नवा रकाना भरायला दिला. विद्यार्थ्यांची जी माहिती शाळा नियमितपणे शिक्षण खात्याला कळवतात, तिच्यात पहिल्यांदाच हा प्रश्न आला: हा विद्यार्थी घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची देखभाल करतो का? देशभरातून आकडा आला सुमारे ३९ हजार. बहुसंख्य शाळांनी मात्र त्या रकान्यात शून्य लिहिले.

त्या शाळा खोटे बोलत होत्या असे नाही. त्यांना असा एकही विद्यार्थी खरोखरच माहीत नव्हता. पण २०२१ च्या जनगणनेत त्याच देशात ५ ते १७ वयाची अशी सुमारे १ लाख २० हजार मुले नोंदली गेली होती. त्याआधी, २०१८ मध्ये, बीबीसी आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाने थेट मुलांनाच विचारले होते, तेव्हा अंदाज निघाला होता माध्यमिक शाळेच्या वयाच्या सुमारे ८ लाख मुलांचा. प्रश्न थोडे निराळे होते, वयोगटही सारखे नव्हते. तरी एक गोष्ट नजरेत भरते. मुख्याध्यापकांना विचारले तर आकडा सर्वांत कमी, घरातल्या मोठ्या माणसाने फॉर्म भरला तर त्याहून जास्त, आणि मुलांना विचारले तर कितीतरी पट.

आपल्याकडे हा प्रश्न देशपातळीवर विचारलेलाच नाही. २०११ च्या जनगणनेत घरातल्या माणसाची शुश्रूषा करता का, असा रकाना नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली, ती सहा वर्षांपुढच्या सगळ्यांची. घरातल्यांची काळजी घेण्यात वेळ देणाऱ्या स्त्रिया त्यात २७.६ टक्के निघाल्या आणि पुरुष १४ टक्के. शाळकरी मुलेही याच आकड्यांत आहेत, पण चर्चा झाली ती आई-वडिलांच्या कामाच्या वाटणीची. दप्तर पाठीवर असलेला वाटेकरी बाजूलाच राहिला.

दळण आणण्यापलीकडचे काम

मुलांनी घरात हातभार लावण्यात वावगे काही नाही. गिरणीतून दळण आणणे, पाणी भरणे, धाकट्या भावाला तासभर खेळवणे, यातून मूल अंग मोडून काम करायला शिकते. हा विषय त्याच्या पुढचा आहे. इंग्लंडच्या लफबरा विद्यापीठातले संशोधक जो ऑल्ड्रिज आणि सॉल बेकर यांनी १९९३ मध्ये अशा मुलांवर पुस्तक लिहिले आणि तिथपासून ब्रिटनमध्ये या विषयाला तोंड फुटले. बेकर यांची मांडणी समजायला सोपी आहे. एका टोकाला वयाला शोभेल एवढी मदत, दुसऱ्या टोकाला मोठ्या माणसानेही दमून जावे अशी जबाबदारी, आणि मध्ये अनेक पायऱ्या. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे हे पाहायचे असेल तर तीन गोष्टी विचारायच्या: आठवड्याचे किती तास, काम कसले, आणि मूल शाळेत गेले तर ते करायला दुसरे कोणी आहे का.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अर्धांगाचा झटका आलेले वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, आई चार घरची कामे करायला सहाला बाहेर पडते, असे घर डोळ्यांसमोर आणावे. सकाळी वडिलांना कुशीवर वळवायचे, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी रिकामी करायची. पांढरी गोळी उपाशीपोटी, गुलाबी अर्धी खाण्यानंतर, हे तोंडपाठ असते. पेज भरवताना ठसका लागला तर डोके कसे धरायचे, हे नर्सने एकदा दाखवले तेवढ्यावर भागलेले असते. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत नंबर लावायचा. हे सगळे सातवी-आठवीतले मूल करते तेव्हा शेजारीपाजारी त्याचे कौतुक करतात, ‘‘पोर किती गुणाची!’’ पोर गुणाची असतेच. पण घरात ती एकटी असते, हे कौतुकात झाकले जाते.

काही वेळा तर दिसण्यासारखे कामच नसते. आईला नैराश्याचा आजार असतो, किंवा वडिलांचे दारूचे व्यसन असते. तिथे मुलाचे काम म्हणजे लक्ष ठेवणे. आज आई उठली का, जेवली का, गोळ्यांची पाकिटे कुठे आहेत. असे मूल वर्गात बसलेले असते, पण त्याचा कान घराकडे असतो.

या कामातून मुलांना बरेच काही मिळते, हेही तितकेच खरे. आजाऱ्याशी जवळीक वाढते, हाताला कसब येते, दुसऱ्याचे दुखणे कळते. अभ्यासकांशी बोलताना अशी मुले हे अभिमानाने सांगतात. म्हणूनच त्यांना बिचारे ठरवून कीव करण्याचा उपयोग होत नाही. त्यांना आजारी माणसापासून सुटका नको असते, दुसरे एक माणूस जोडीला हवे असते.

हजेरीपटात काय उमटते

शाळेला दिसते ते वेगळेच. उशीर. आठवड्यातून एखादी दांडी, तीही ठरावीक वारी, कारण त्या दिवशी डायलिसिस असते. गृहपाठ अपुरा, सहलीला नकार, पालकसभेला कोणीच नाही. दुपारच्या तासाला पेंग. शेरा ठरलेला: ‘अनियमित. अभ्यासात लक्ष नाही.’

ब्रिटनमधल्या द चिल्ड्रन्स सोसायटी या संस्थेने २०१३ मध्ये एक अहवाल काढला. घरच्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेतले निकाल बाकीच्या मुलांच्या निकालांशी त्यात ताडून पाहिले होते. सगळ्या विषयांचा मिळून फरक नऊ श्रेणींचा निघाला. एका मुलाला नऊ विषयांत बी मिळावा आणि दुसऱ्याला नऊही विषयांत सी, एवढा. साधारण वीसातले एक मूल या कामापायी शाळा बुडवत होते. आणि ज्या घरांत इंग्रजी ही पहिली भाषा नाही, तिथल्या मुलांवर हा भार पडण्याची शक्यता दुप्पट होती.

मग मुले सांगत का नाहीत? जपानने हेच शोधायचा प्रयत्न केला. २०२० च्या डिसेंबरपासून तिथे देशव्यापी पाहणी झाली. आपल्या आठवीच्या वयाच्या मुलांपैकी ५.७ टक्के, म्हणजे सतरातले एक मूल, घरातल्या कोणाचा तरी सांभाळ करत होते. उच्च माध्यमिक शाळांत हे प्रमाण ४.१ टक्के निघाले. पुढच्या पाहणीत सहावीच्या मुलांना विचारले तर ६.५ टक्के. सर्वांत मोठा वाटा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्यांचा होता. आणि यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त मुलांनी याबद्दल आजवर कोणाशीही बोललेलो नाही असे सांगितले. सांगण्यासारखे त्यात काही आहे असेच अनेकांना वाटले नव्हते. घर म्हटले की हे असायचेच, अशी त्यांची समजूत.

दुसरे कारण भीतीचे. सांगितले तर चौकशी होईल, कोणीतरी येईल आणि आपल्याला आईपासून वेगळे करील, ही धास्ती ब्रिटनमधल्या मुलांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडे तिच्यात लाजेची भर पडते. कुष्ठरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, दारू, यांतले काहीही घरात असले की ते उंबऱ्याच्या आत ठेवायचे, हे मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

शाळेने वाकवायचे नियम

ब्रिटनमधल्या अनेक शाळांनी यावर शोधलेले उपाय पाहिले तर त्यांचा साधेपणा चकित करतो. प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ: घरात कोणी दीर्घ आजारी किंवा अपंग आहे का, आणि त्यांना विद्यार्थ्याची मदत लागते का. शिक्षकांपैकी एकाकडे या मुलांची जबाबदारी. त्याचे नाव आणि खोली सूचना फलकावर लावलेली, म्हणजे कोणाकडे जायचे हे विचारत फिरावे लागत नाही. वर्गात फोन बंद असा नियम असला तरी या मुलांना मधल्या सुट्टीत घरी फोन करायची मुभा. एक छोटे कार्ड, जे शिक्षकाच्या टेबलावर ठेवले की पाच मिनिटे बाहेर जाता येते. सगळ्या वर्गासमोर कारण सांगायची वेळ येत नाही. जेवणाच्या सुट्टीत अभ्यासाचा वर्ग, कारण घरी संध्याकाळ आपल्या हातात नसते. पालकांना शाळेत येणे जमत नसेल तर फोनवर सभा.

यात खर्च फारसा नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते, ते गुप्ततेचे. प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून ‘‘या मुलीचा आदर्श घ्या’’ असे सांगितले की ती मुलगी पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि तिच्याकडे पाहून दुसरीही उघडत नाहीत.

शाळेबाहेर या मुलांना कायद्याचे पाठबळ २०१४ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये त्या वर्षीच्या दोन कायद्यांनी स्थानिक प्रशासनावर बंधन घातले की असे मूल आढळले तर कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता त्याच्या गरजा तपासायच्या. तपासणी एकट्या मुलाची करून भागत नाही, सगळ्या घराकडे पाहायचे असते. स्कॉटलंडने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून १६ ते १८ वयाच्या, आठवड्याला सरासरी १६ तास शुश्रूषा करणाऱ्या मुलांना वर्षाला ३०० पौंड द्यायला सुरुवात केली. रक्कम पुढे वाढत गेली. निरनिराळे देश या मुलांसाठी काय करतात याची तुलना बेकर आणि त्यांच्या सहसंशोधक ॲग्नेस लॉय यांनी २०१७ मध्ये केली, तेव्हा त्यांनी सर्वांत वरची पायरी रिकामी ठेवली. तिच्या खालच्या पायरीवर एकटे ब्रिटन होते.

आणि तरीही बहुसंख्य शाळांच्या रकान्यात शून्य. याचे एक कारण असे की शाळेतल्या मुभा मुलाला तगून राहायला मदत करतात, पण घरचे काम आहे तेवढेच राहते. गृहपाठाला दोन दिवस जादा मिळाले तरी ते दोन दिवसही वडिलांना कुशीवर वळवण्यातच जातात. कामाला दुसरा हात मिळत नाही तोवर शाळेला सांगून उपयोग काय, असे मुलाला वाटले तर त्यात त्याची चूक नाही. जपानने इथे थोडे पुढचे पाऊल टाकले आहे. सैतामा प्रांताने २०२० मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांसाठी देशातला पहिला नियम केला. २०२४ मध्ये राष्ट्रीय कायद्यात या मुलांचा उल्लेख आला. अशा घरांत स्वयंपाक आणि साफसफाईला मदतनीस पाठवण्याची सोयही उभी राहू लागली. मदतनीस येतो घरातल्या कामाला, मोकळी होते मुलाची संध्याकाळ.

कोसबादचा धडा

नेमका हाच विचार महाराष्ट्रात फार आधी झाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची आणि मग गाणी-गोष्टी. याच कल्पनेचे नाव पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. ते नाव अंगणवाडी.

१९५० च्या दशकात काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले आणि तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. प्राथमिक शाळेत नाव घातलेली मुले येत नव्हती. कारण सरळ होते. आई-बाप मजुरीला गेले की घरची तान्ही पोरे आणि गुरे याच मुलांच्या हवाली असत. ‘मुलांना शाळेत पाठवा’ असे पालकांना कितीही बजावले तरी तान्हे मूल ठेवायचे कोणाकडे?

ताराबाईंनी प्रश्न उलटा सोडवला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्या आवाराला नाव दिले विकासवाडी. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोडायची, मधल्याला बालवाडीत आणि स्वतः वर्गात बसायची. भाऊ रडला तर पाच पावलांवर. आणि जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षकच रानात गेले. या कुरणशाळेत फळा नव्हता. पाने, बिया, खडे हाच मोजायचा आणि शिकायचा संच, आणि गुरे नजरेसमोर. महागड्या माँटेसोरी साधनांऐवजी आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तू वापरायच्या, हा कोसबादचा शिरस्ताच होता.

विकासवाडीने त्या मुलीला जबाबदारीतून मोकळे व्हायला सांगितले नाही. जबाबदारीसकट शाळेत यायला सांगितले, आणि आवारात आल्यावर ती जबाबदारी काही तासांपुरती मोठ्यांनी घेतली.

आज हे सूत्र कुठे लावायचे ते शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागांतून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली जाते. योजना चांगली आहे, पण ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. वर्षाचे तान्हे आईबरोबर फडावर जातेच आणि पहाटेपासून आई-वडील दोघे तोडीला लागले की कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्याच्याजवळ कोणीतरी लागते. मग दहा-बारा वर्षांची मोठी बहीण वसतिगृहात न राहता फडावर जाते. तिची शाळा वाचवायची तर कारखान्याच्या तळावर पाळणाघर हवे.

आजारपणाच्या बाबतीत केरळचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक शुश्रूषेचे काम सुरू केले. त्यातून गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले, जे नर्सबरोबर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जातात. २००८ मध्ये केरळने त्याचे सरकारी धोरण केले. राजगोपाल यांनी पुढे काढलेली पॅलियम इंडिया ही संस्था रुग्णांच्या मुलांच्या शिक्षणालाही हातभार लावते. रुग्णाच्या घरात पाऊल टाकले की मूल दिसतेच.

महाराष्ट्रातल्या शाळेच्या हातात काय आहे

पैशांची सोय काही प्रमाणात आहे, पण ती किती जणांना माहीत आहे हा प्रश्नच आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ आणि एकपालक मुलांबरोबर गंभीर आजारी पालकांची मुलेही येतात. २०२३ पासून या योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये आजारामुळे मुलांना सांभाळू न शकणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. कागदपत्रांचा ससेमिरा मात्र सोपा नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली तेरा वर्षांची मुलगी वैद्यकीय प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते यांच्या मागे पळू शकत नाही. हे काम वर्गशिक्षकाने किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या सदस्याने अंगावर घेतले तरच अर्ज पुढे सरकतो. शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठी राज्यातले अनेक शिक्षक ‘बालरक्षक’ म्हणून घरोघर जातात. मूल गळण्याच्या आधीच त्यांनी त्या घरी जायला हवे.

नववी-दहावीत अडचण वाढते. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि महिनाभर दवाखान्यात आईजवळ राहिलेल्या मुलाची ती भरत नाही. शाळा सुटलीच तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचा मार्ग उरतो. तो आहे हे चांगलेच, पण त्या वाटेवर शिकवायला कोणी नसते. आजाराचे कारण वेळीच कळले तर गैरहजेरीचे दाखले वेळेत जमवता येतात, बुडालेले धडे मधल्या सुट्टीत भरून काढता येतात, सराव परीक्षा दुसऱ्या दिवशी घेता येते. फेब्रुवारीत कळले तर यातले काहीच हाती राहत नाही.

म्हणून विचारायचे ते जूनमध्येच. प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवायला कोणत्याही शाळेला वरून आदेश लागत नाही. पण ती ओळ छापण्याआधी शाळेने आपली तयारी तपासायला हवी. ‘हो’ असे उत्तर आले तर त्या घरी कोण जाणार, गावातल्या आशाताईंशी कोण बोलणार, धाकटे भावंड अंगणवाडीत बसत असेल तर तिची आणि शाळेची सुटायची वेळ जुळवून कोण घेणार, आणि बालसंगोपनाचा अर्ज कोण भरणार, ही नावे आधी ठरलेली असली पाहिजेत. नाहीतर मुलाने धीर करून लिहिलेले ‘हो’ फाइलीत जाईल आणि पुढच्या जूनमध्ये ते मूल तिथे ‘नाही’ लिहील.